हेबेरची रजा

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि एवढ्या वर्षांत मी आणि आदेमार एकदाही एका दिवशी मत द्यायला गेलो नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं. तो उरुग्वेचा, मी ब्राझीलची, आणि मधे एक रस्ता. रस्त्याच्या अलीकडे रिवेरा, पलीकडे लिव्रामेन्तो. माझं सासर अलीकडे, माहेर पलीकडे. तांदूळ ज्या बाजूला स्वस्त असेल त्या बाजूला आम्ही तांदूळ घेतो, गॅसची टाकी ज्या बाजूला स्वस्त असेल तिथे टाकी. आमची कुत्री तर दिवसातून दहादा परदेशात जाऊन येतात. मत तेवढं असं इकडचं तिकडे नेता येत नाही.

पंधरा वर्षं इथे संसार केला की परक्या माणसालाही उरुग्वेत मत देता येतं. तेव्हा आदेमार मोठ्या उत्साहाने माझ्यामागे लागला होता. मी नाही म्हटलं. आडनाव, सण, बोली, सगळं तुझ्या घरात विरघळून गेलं, म्हटलं, माहेरची एवढी एकच गोष्ट उरलीय, ती राहू दे. आणि दोन देशांत दोन मतं टाकत फिरायला मी काही दोन बायका नाही. तो हसला आणि परत कधी तो विषय काढला नाही.

मग आमची एक रीत पडून गेली. माझा मतदानाचा रविवार आला की तो माझ्याबरोबर रस्ता ओलांडून यायचा आणि शाळेसमोरच्या फुटपाथवर थर्मास काखेत मारून उभा राहायचा. मी आत जाऊन यंत्रावर आकडे दाबायची, यंत्र टुंई करायचं, मी बाहेर. त्याच्या रविवारी उलटं. त्याच्या शाळेबाहेर मी उभी, हातात माते, म्हणजे आमचा नळीने ओढायचा कडू चहा, आणि तो आत. त्यांच्याकडे अजून कागद, पाकीट आणि पडद्यामागची खोली. तो तिथे एवढा वेळ लावायचा की आत प्रेमपत्र लिहीत बसलाय की काय असं वाटायचं. बाहेर आला की मी विचारायची, कुणाला दिलंस? तो म्हणायचा, परदेशी बायकांना सांगायची बंदी आहे. स्वतः उमेदवार होता त्या वर्षीही त्याने मला हेच उत्तर दिलं.

त्याच्या रविवारी रिवेरात दारू मिळत नाही, म्हणून आपापली मतं टाकून अख्खं रिवेरा रस्ता ओलांडतं आणि माझ्या माहेरच्या बाजूला बिअर पीत बसतं. आम्हीही जायचो. तिथे दुसऱ्या ग्लासानंतर आदेमारचं ठरलेलं वाक्य यायचं. "एक दिवस आपण दोघं एकाच सकाळी घरातून निघू. तू तुझ्या शाळेत, मी माझ्या शाळेत, आणि मत एकाच गोष्टीसाठी." मी म्हणायची, बरं बाबा, निघू. बाहेर थांबायला मग कोण, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

ती गोष्ट म्हणजे चार देशांची सामायिक संसद. राजधानीत, मोन्तेविदेओत, समुद्राकाठच्या जुन्या हॉटेलात ती भरते. तिथे पॅराग्वेची माणसं लोकांनी मत देऊन पाठवलेली असतात. उरुग्वेची मात्र उरुग्वेच्याच संसदेतल्या खासदारांमधून जातात. आपसात ठरवायचं, यंदा तू, पुढे मी. आदेमार खासदार झाल्यावर त्यालाही एकदा पाठवलं होतं. पहिल्या बैठकीहून घरी आला तो गप्प गप्पच. रात्री जेवताना म्हणाला की पॅराग्वेच्या एका बाईने मला विचारलं, तुम्हाला इथे कुणी निवडून दिलं? आणि नीलझा, मला खरं सांगावं लागलं की आम्हीच आम्हाला.

तेव्हापासून ते खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते गेलं नाही. त्याने कायद्याचा मसुदा लिहिला. उरुग्वेची माणसंही लोकांनी निवडावी, आणि चारही देशांनी ही निवडणूक एकाच रविवारी घ्यावी, असं त्यात कलम होतं. आपण कायदा केला की ब्राझीलला लाज वाटेल, तोही करेल, असं त्याचं गणित. मी म्हटलं, ब्राझीलला लाज वाटेल? तू ब्राझील कधी पाहिलायस का? रस्त्याच्या पलीकडे आहे. पण तो मागे हटणाऱ्यातला नव्हता. निवडणुकीचा कायदा बदलायला आमच्याकडे दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे स्वतःच्या पक्षाची पुरत नाहीत, दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं. तो सगळ्यांच्या दारात गेला.

तिथून तो जी उत्तरं घेऊन यायचा ती ऐकून माझं डोकं तापायचं. एक म्हणाला की लोकांना आपल्या गल्लीतला खासदार ओळखता येत नाही, तिथल्याला कोण ओळखणार? दुसरा म्हणाला की त्या हॉटेलात काय ठरतं? चहा कधी प्यायचा तेवढंच ठरतं. त्यासाठी मतपेट्या? तिसरा म्हणाला की ब्राझीलची मतं मोजायला लागलात तर त्यात आपली सापडणारही नाहीत. एका म्हाताऱ्या खासदाराने मात्र खरं काय ते सांगितलं. दारात उभा राहून, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरा, आज त्यांना आपण पाठवतो, म्हणून आपण बोलावलं की ते परत येतात. उद्या त्यांना लोकांनी पाठवलं तर ते आपल्या डोक्यावरून बोलायला लागतील. स्वतःच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने कोण माणूस बसवून घेतो?"

आदेमारला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही. उलट तो खूष होता, निदान कुणीतरी समोरासमोर भांडलं म्हणून. त्या म्हाताऱ्याशी त्याने दोन तास वाद घातला, हरला, आणि शीळ घालत घरी आला.

आता हेबेरबद्दल सांगायला हवं.

हेबेर इरिगाराय आमच्याच जिल्ह्याचा खासदार, पण दुसऱ्या पक्षाचा. निवडणुकीत दोघं एकमेकांवर भिंतीच्या भिंती रंगवायचे आणि निवडून आले की मोन्तेविदेओत एकाच खोलीत भाड्याने राहायचे. सोमवारी एकाच बसने जायचे, सात तास, शेजारी शेजारी बसून. शुक्रवारी तसेच परत. माझ्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणून मी त्याला कोम्पाद्रे म्हणायची आणि तो मला कोमाद्रे. बायको गेल्यापासून त्याचं रविवारचं जेवण आमच्याकडेच. माझा काळ्या घेवड्याचा रस्सा त्याच्याइतका कुणी खाल्ला नसेल. तिसऱ्यांदा वाटी पुढे करायचा आणि म्हणायचा, कोमाद्रे, ब्राझीलने जगाला एवढी एकच चांगली गोष्ट दिली, ती माझ्या कोम्पाद्रेने पळवून आणली. रस्सा की मी, ते तो कधी स्पष्ट करायचा नाही.

आदेमार त्या संसदेबद्दल बोलायला लागला की हेबेर ऐकून घ्यायचा. मान हलवायचा. कधी वाद घातला नाही. "माझं मत धर," असं त्याने आदेमारला माझ्या टेबलावर, माझ्यासमोर सांगितलं. पावाच्या तुकड्याने वाटी पुसत सांगितलं. आदेमारने मागितलंही नव्हतं. त्या रात्री तो मला म्हणाला की एवढे सगळे एका बाजूला आणि हेबेर एका बाजूला ठेव, मला हेबेर पुरे.

पुरे म्हणजे खरंच पुरे. मतं इतकी काठावर आली होती की त्या एका मतावर सगळं अडलं होतं.

तेव्हाच आदेमारला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, हे तुम्हाला आत्ता कळलं होय? पण बाहेर आल्यावर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिवस काढले तरी पुष्कळ, असं त्यांनी मला वेगळं सांगितलं होतं. आदेमारला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याने फक्त मतदानाची तारीख लवकर लावून घेतली.

मी काही भाबडी नव्हते. कायदा झाला असता तरी तो सामायिक रविवार उजाडायला किती वर्षं लागली असती, देव जाणे. तोपर्यंत आम्ही दोघं कुठे असणार हे मला कळत होतं. त्यालाही कळत असणार. पण तो रविवार कुठेतरी कायद्यात लिहिलेला असावा आणि तो आपल्याला ठाऊक असावा, एवढंच त्याला जाताना बरोबर हवं होतं. मी त्याला आयुष्यात फारसं काही मागू दिलं नाही. हे त्याला मिळावं असं मला फार वाटत होतं.

मतदानाच्या आठवड्यात बसमध्येच त्याची छाती भरून आली. मोन्तेविदेओत उतरल्यावर हेबेरनेच त्याला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं, मला फोन केला, मी पोचेपर्यंत उशाशी बसून राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, उठायचं नाही. सभागृह तर सोडाच, संडासापर्यंतही नाही.

आमच्याकडे याची सोय आहे. प्रत्येक खासदाराबरोबर त्याचे बदली खासदारही निवडून आलेले असतात. खासदाराने एका दिवसाची रजा घेतली तरी बदली त्याच्या खुर्चीत बसतो, बोलतो, मत देतो, सगळं पूर्ण हक्काने. आदेमारच्या जागी शाळेच्या नाइरबाई बसणार होत्या. नाइरबाईंवर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. तेव्हा त्या बाजूने काळजी नव्हती.

या सोयीचा दुसरा उपयोगही सगळ्यांना ठाऊक आहे. पक्ष एक सांगतो आणि जीभ आधीच दुसरं बोलून बसलेली असते, अशा वेळी माणूस रजा टाकतो. अवघड मतदान असलं की त्या दिवशी कितीतरी खासदारांची दाढ दुखायला लागते. मग बदली येतो, पक्षाला हवं तसं मत देतो, आणि खासदार दुसऱ्या दिवशी स्वच्छ हातांनी परत येतो. विरोधात मत दिलं असं कुणी म्हणू शकत नाही. तो तिथे नव्हताच.

मतदानाच्या दुपारी बाहेर जुलैची बोचरी थंडी होती आणि खिडकीतून नुसतं करडं आभाळ दिसत होतं. मी माझ्या फोनवर सभागृह लावून फोन त्याच्या छातीवर ठेवला होता. भाषणं चालली होती. तीच ती उत्तरं, फक्त आता टाय लावून. आदेमार डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच ओठांनी त्यांना उत्तरं देत होता. मी त्याच्या पायांना तेल चोळत होते.

दार उघडलं आणि हेबेर आत आला. अंगात मोठा कोट, हातात त्याच्या अंगणातल्या संत्र्यांची पिशवी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी त्याला माझी खुर्ची दिली. आदेमारच्या कानाशी वाकून म्हटलं, बघ, सगळं सोडून तुझ्यासाठी आला. इतकी वर्षं खासदाराची बायको म्हणून काढली आणि मला कळायला वेळ लागला, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

आदेमारने डोळे उघडले. हेबेरकडे बघितलं. फोनमध्ये कुणीतरी बोलतच होतं.

"तुझ्या खुर्चीत कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"तेचेरा," हेबेर म्हणाला.

तेचेरा म्हणजे हेबेरचा बदली, त्रान्केरास गावात त्याचं औषधांचं दुकान आहे. भला माणूस. पक्षाने बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो. गोळ्या मात्र मोजून देतो.

"नीलझा, फोन बंद कर."

मी केला. खोलीत एकदम शांत झालं, तेव्हा कुठे मला सगळं उमगलं. हातातलं तेल पुसायचंही मला सुचेना.

हेबेर कोट न काढताच बसला होता. म्हणाला, पक्षाने सांगितलंय, पुढच्या निवडणुकीच्या यादीत नाव हवं असेल तर. वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाला, "तुझ्याविरुद्ध माझा हात वर झाला नसता रे. म्हणून इकडे आलो. म्हटलं, त्या वेळी निदान तुझ्याजवळ असावं."

"नुसती यादीच ना?" आदेमारने विचारलं. "खरं सांग."

हेबेर बराच वेळ संत्र्यांच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिला. "नाही," तो म्हणाला. "मला ती संसद पटतच नाही. कधीच पटली नव्हती. आपल्याकडच्या माणसाला खासदारांचे दोन चेहरे आठवतात, तिसरा आठवत नाही. उद्या तिथल्यांनी काही घाण केली तर लोक आपल्याला धरतील, त्यांना नाही. मला ते सगळं उगाच वाटतं, आदेमार."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू इतका खुशीत बोलायचास."

आदेमारने डोळे मिटले. मग तो बोलला, धाप सांभाळत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"सात तासांची बस, हेबेर. जाताना सात, येताना सात. इतकी वर्षं. एकदा तरी म्हणायचं, तू चुकतोयस म्हणून. मी भांडलो असतो तुझ्याशी. तुला काही पटवलं असतं, काही तू मला पटवलं असतंस. आज तिथे बसून तोंडावर नाही म्हणाला असतास, तरी घरी पोचेपर्यंत भांडलो असतो. आता मी कुणाशी भांडू? तेचेराशी?"

हेबेर रडत होता. मला त्याची जराही दया आली नाही. मला त्याला त्या कोटासकट जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटत होतं, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात आदेमारने माझ्याकडे बघून मान हलवली. ही त्याची मान मला ठाऊक होती. पाहुण्यांसमोर मी काही बोलायला लागले की तो अशीच हलवायचा.

"रजा घेतलीच आहेस तर," तो हेबेरला म्हणाला, "माझी दाढी कर. नीलझाला जमत नाही. ती कातडी सोलते."

हेबेर उठला. कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या. नर्सकडून गरम पाणी आणलं. त्यांच्या त्या भाड्याच्या खोलीत एकच आरसा होता, दोघं एकमेकांच्या खांद्यावरून बघत दाढी करायचे, तेव्हा त्याला आदेमारचा चेहरा पाठ होता. हनुवटीवरचा लहानपणचा व्रण चुकवून तो वस्तरा कसा वळवतो ते मी बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण हात स्थिर होता. याच हाताला तिकडे वर व्हायला काय झालं होतं, असं मला ओरडून विचारायचं होतं.

अर्धी दाढी झाली असताना माझा फोन वाजला. नाइरबाई होत्या. मी व्हरांड्यात गेले. त्या शिक्षिका, रडतानाही वाक्य पुरं करतात. एका मताने पडलं, म्हणाल्या. नावं पुकारली तेव्हा इरिगारायच्या जागी तेचेराचं नाव आलं, आणि तेचेरा नाही म्हणाला.

आत गेले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. आदेमारच्या एका गालावर फेस तसाच होता.

"पुरी कर," तो हेबेरला म्हणाला. "अर्धी सोडू नकोस."

संध्याकाळी हेबेर गेला. ती संत्री मी नर्सला देऊन टाकली.

आदेमारला आम्ही रिवेराला आणलं. त्या आठवड्यांत तो मला चिडवायचा, पूर्वीपेक्षा जास्तच. तुझ्या रविवारी मी खुर्ची घेऊन येईन, म्हणायचा, उभं राहवणार नाही, पण येईन. हेबेरचं नाव त्याने घेतलं नाही, पण रविवारी टेबलावर तिसरी थाळी मांडायला सांगायचा. मी मांडायची नाही. तो स्वतः उठून मांडायचा प्रयत्न करायचा, म्हणून मग मी मांडायला लागले. हेबेर यायचा, जेवायचा, रस्सा एकदाच घ्यायचा. दोघं पावसाबद्दल आणि कलिंगडांच्या पिकाबद्दल बोलायचे. मला ते ऐकवत नसे. दोन माणसं एका मेलेल्या गोष्टीला वळसा घालून बोलत होती आणि तिसरी, म्हणजे मी, वाढत होते.

ऑगस्टच्या शेवटी तो गेला. सकाळी, माते हातात असताना. माते सांडलीसुद्धा नाही.

सभागृहात त्याच्यासाठी सगळे उभे राहिले. ते मी इथे घरी फोनवर पाहिलं. विरोधात मत दिलेले एकेक जण उठून बोलले, आणि फार सुंदर बोलले. देशांना जोडणारा माणूस, म्हणाले. सरहद्दीवरच्या एखाद्या सभागृहाला त्याचं नाव द्यावं, असं कुणीतरी सुचवलं आणि सगळ्यांनी हात वर केले. एकाचीही दाढ दुखली नाही. तो म्हातारा खासदार मात्र बोलला नाही. त्याने मला दोन ओळी पाठवल्या, की आता माझ्याशी भांडायला कोणी नाही. त्या दोन ओळी वाचून मी रडले, भाषणं ऐकून नाही.

हेबेरने शवपेटीला खांदा दिला. मी त्याला अडवलं नाही. तो रविवारीही येत राहिला, दार वाजवायचा. मी दार उघडायची, त्याला जेवायला वाढायची, आणि आम्ही टीव्ही लावून बसायचो. का येऊ देतेस, असं मुलीने पोर्तो आलेग्रेहून फोनवर विचारलं. मला सांगता आलं नाही. आदेमारबद्दल माझ्याइतकं ठाऊक असलेला तेवढा एकच माणूस उरला होता, आणि तो नेमका हाच होता.

ऑक्टोबर आला. त्या वर्षी दोन्हीकडची मतदानं एकाच महिन्यात होती, पहिला रविवार माझा, शेवटचा त्याचा. माझ्या रविवारी मी एकटी रस्ता ओलांडून गेले. आकडे दाबले, यंत्र टुंई झालं, मी बाहेर आले आणि माझी नजर सरळ समोरच्या फुटपाथवर गेली. तिथे एक मुलगी आपल्या आईला फोटो पाठवत उभी होती. मी तिच्याकडे इतकी बघत राहिले की ती बाजूला झाली.

त्याच्या रविवारी मला काहीच काम नव्हतं. सकाळी कपडे धुतले. घेवडा भिजत टाकला. दुपारी पाणी तापवलं, थर्मास भरला, आणि पाय आपोआप त्याच्या शाळेकडे निघाले. मी माझ्या जागी, त्या जांभळ्या फुलांच्या झाडाखाली, उभी राहिले. ओळखीचे लोक येत होते, आत जात होते, बाहेर येत होते. काहींनी मला मिठी मारली. काही जण मला बघून दुसऱ्या फाटकाने गेले. कुणी विचारलं नाही, इथे का उभी म्हणून. मला विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होते?

हेबेर उशिरा आला. यादीत त्याचं नाव होतं, वरून दुसरं. आत जाताना त्याने मला पाहिलं नाही, बाहेर येताना पाहिलं. थांबला. टोपी काढून हातात घेतली.

"कोमाद्रे," तो म्हणाला, "कुणासाठी थांबलीस?"

मी त्याला माते भरून दिली. त्याने प्यायली.

"आज तुझं मत कुणी दिलं, हेबेर?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हणजे? मीच."

"मग जमतं म्हणायचं तुला."

त्याच्या हातातली माते मी परत घेतली. तो म्हणाला, पुढच्या सभागृहात तो मसुदा मी मांडेन, माझ्या नावाने. पटत नसलं तरी मांडेन. मी म्हटलं, नको. पटत नसेल तर उभा राहून सांग, पटत नाही म्हणून. तेवढंच त्याला हवं होतं.

मग तो माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. ऊन उतरलं. पलीकडे माझ्या माहेरच्या बाजूला बिअरची दुकानं भरायला लागली होती, गाण्यांचा आवाज रस्त्यावरून येत होता. शिपायाने शाळेचं दार ओढून घेतलं, शेवटचे दोघेतिघे घाईने बाहेर आले, आणि आतले दिवे लागले, मोजणीसाठी.

"चल, कोमाद्रे," हेबेर म्हणाला. "संपलं. आता आतून कुणी येणार नाही."

मला ठाऊक होतं. तरी मी थर्मास काखेत सावरला आणि आणखी थोडी थांबले. आदेमारला आत नेहमीच वेळ लागायचा.